चष्मेवाटप

क्लबचं पत्र चैतात आलं, आणि धर्मराजनं त्याला उत्तर घातलं नाही.

घालायचं नाही असं त्यानं ठरवलं नव्हतं. उद्या लिहू, बाजार झाल्यावर लिहू, असं करता करता पाऊस लागला, तंबाखूची लावण झाली, खुडणी झाली, आणि पाकीट फळीवरच्या पुस्तकांमागं होतं तिथंच राहिलं. पाकिटात टाईप केलेला एक कागद होता आणि एक फोटो. बेळगावचे सेक्रेटरी हेरेकर यांनी लिहिलं होतं, की आपल्या गावचं नेत्रशिबिर क्लबनं आजवर घेतलेल्या शिबिरांत सर्वांत यशस्वी ठरलं. सोबतचा फोटो वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर घ्यायचा विचार आहे. तरी फोटोतल्या आजींची नजर आता कशी आहे, त्या घरात काय काय कामं करतात, याच्या चार ओळी आपण पाठवाव्यात.

फोटोतली आजी म्हणजे धर्मराजची आई, शेवंताबाई. तिला त्यानं कागद वाचून दाखवला. फोटोचं तेवढं गाळलं.

"उत्तर घाल बाबा," ती म्हणाली. "एवढ्या लांबनं इच्यारत्यात. न्हाय घातलं तर काय म्हणतील?"

"घालतो की."

"घालतो घालतो करून इसरशील."

तो विसरला नव्हता. रोज संध्याकाळी हात धुऊन तो फळीजवळ जायचा, एखादं पुस्तक काढायचा, आणि पुस्तक काढताना पाकिटाला बोट लागायचं.

शेवंताबाईचा उजवा डोळा लहानपणीच देवीत गेला होता. एका डाव्या डोळ्यावर तिनं संसार केला, नवऱ्याचं, भरमाचं, दुखणं काढलं, पोराला मॅट्रिकपर्यंत नेलं. निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. नाकाला पदर बांधता येतो, डोळ्याला काय बांधणार? पुढं त्या डाव्यात मोती उतरला. आधी दिव्याची ज्योत दोन दोन दिसायला लागली, मग माणसं धुरात उभी असल्यासारखी. एकदा चहा गाळताना तो कपाच्या शेजारी जमिनीवर पडत राहिला. भांडं रिकामं झालं तरी ती ओतत होती. त्या दिवशी सुनेनं, तानीबाईनं, चूल आपल्याकडं घेतली, आणि पुढं वखारीतली सासूची जागाही तिनंच घेतली. भाकरी फडक्यात बांधून ती उजाडताना निपाणीची वाट धरायची. धर्मराज दुसऱ्याच्या रानात तंबाखू कापायला जायचा. पानांचा चिकटा हाताला बसून काळा व्हायचा. राखेनं घासला तरी पुस्तकाच्या पानावर अंगठ्याचा ठसा उठायचाच.

पत्र यायच्या आधी, ऐन कापणीच्या तोंडाला क्लबची जीप गावात आली. शाळेच्या व्हरांड्यात सभा झाली. हेरेकर गोरेगोमटे, हसरे गृहस्थ. बेळगावात कॅम्पात त्यांचं औषधांचं दुकान होतं. ते म्हणाले, "डॉक्टर आमचे, औषधं आमची, चष्मे आमचे. तुमच्याकडून फक्त माणसं पाहिजेत. मनापासून सेवा करणारी."

सगळ्यांच्या आधी धर्मराजचा हात वर गेला. तरुण मंडळाचा अध्यक्ष भावकू, बागायतदाराचा पोरगा, मागं वळून म्हणाला, "धर्मा, तू? मग तंबाखू कोण कापायचा रं?"

"सुट्टी घेतो."

"मालकाला इच्यार आधी. मालक म्हणजे आमचे आप्पाच!"

सभा हसली. हेरेकरही हसले, पण त्यांनी वहीत पहिलं नाव धर्मराजचंच लिहिलं.

घरी तानीबाई पाय चोळत बसली होती. "सोयंसेवक झालासा म्हणं. पगार काय मिळतोय?"

"सेवा हाय ती. पगार कसला?"

"मग माझी बी वाईच सेवा करा. चार घागरी पाणी आणून टाका."

शेवंताबाई भिंतीला टेकून हसली. धर्मराजनं घागर उचलली. आईला पहिल्या रांगेत घालता येईल म्हणून हात वर केला, हे तो कुणाला बोलला नाही. तानीबाईला ते न बोलताच कळलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी तिनं मुकादमाच्या हातापाया पडून जादा वेळाचं काम मागून घेतलं.

शिबिराच्या आधी शाळेतले बाक बाहेर काढले, फरशी फिनेलनं धुतली, वर्गावर्गात गवत पसरून त्यावर सतरंज्या टाकल्या. चौथीच्या वर्गाच्या काचांना वर्तमानपत्रं चिकटवली. हेडमास्तरांच्या टेबलावर ऑपरेशन होणार होतं. भावकूच्या घरून किटलीभर चहा यायचा. कप एका फळीवर मांडलेले असायचे, आणि धर्मराजचा काचेचा पेला वेगळा, खिडकीत. धर्मराज त्यातूनच प्यायचा. पहिल्याच दिवशी हेरेकर घाईनं आले, खिडकीतला पेला उचलला आणि घटाघटा चहा पिऊन मोकळे झाले. पोरं एकमेकांकडं बघत राहिली. "काय झालं? साखर जास्त आहे का?" हेरेकरांनी विचारलं. दुसऱ्या दिवशी खिडकीत पेला नव्हता. फळीवर एक कप वाढला होता.

डॉक्टरांनी शेवंताबाईच्या पापणीखाली उजेड धरला आणि धर्मराजला बाजूला घेतलं. "हिला एवढा एकच डोळा आहे. कमीजास्त झालं तर दुसरा नाही. विचार करून सांगा."

धर्मराजनं आईकडं बघितलं. आईनंच सांगून टाकलं, "करा की, दादा. आता तरी कुटं दिसतंय?"

ऑपरेशन झालेल्या माणसाला टेबलावरून दोघांनी हातांच्या पाळण्यात उचलायचं, मान हलू द्यायची नाही, असं काम होतं. आईला धर्मराजनं आणि भावकूनं उचललं. वाळलेल्या तंबाखूची पेंढी उचलावी तशी ती हलकी लागली. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, तोंड उघडं. डॉक्टरांनी स्वयंसेवकांना गोळा करून सांगितलं, "जखम बारीक आहे, पण ती पुरती मिटायला वेळ लागतो. खोकणं नाही, कुंथणं नाही, ओझं नाही. आणि वाकणं तर अजिबात नाही. पट्टी निघाली तरी महिनाभर नाही." मग ते सामान आवरून पुढच्या शिबिराला गेले. मागं एक नर्सबाई राहिल्या.

धर्मराजनं फळ्यावर खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलं : वाकू नये. लिहून झाल्यावर त्यानं वळून बघितलं. वर्गभर डोळे बांधलेली माणसं उताणी पडली होती. मग तो एकेका अंथरुणाशी बसला आणि प्रत्येकाच्या कानात ते बोलला. आईला हसू आलं. "तुझा बा बी हेच म्हणायचा. दीक्षा घेऊन आला तवा दारातच म्हणाला, शेवंते, आजपास्नं कुणाम्होरं वाकायचं न्हाय."

"मग ऐकलंस काय त्येचं?"

"ऐकलं की. पर पाठीला कळाय नगं?"

शेजारच्या अंथरुणावर वरच्या आळीची गंगव्वा होती. ऑपरेशनच्या आधी, दिसत होतं तेवढ्यात, तिनं आपली वळकटी हातभर पलीकडं ओढून घेतली होती. पट्ट्या बांधल्यावर पहिला दिवस दोघी गप्प पडून राहिल्या. दुसऱ्या दिवशी गंगव्वा म्हणाली, "कोण गं तू?"

"मी शेवंता. खालच्या आळीची."

गंगव्वानं पांघरूण ओढून घेतलं. "खोकू नगंस हां. सांगितलंय."

"तू बी घोरू नगंस मग."

तिथून त्यांचं जे बोलणं सुरू झालं ते थांबेना. कुणाची म्हैस कधी व्याली, कुणाच्या लग्नात कोण रुसलं, वीस वर्षांचं गाव दोघींनी डोळे बांधून फिरून काढलं. गंगव्वाची सून शिरा घेऊन आली तेव्हा गंगव्वानं सांगितलं, "तिला बी दे."

सून वाटी धरून उभी राहिली.

"दे म्हणते न्हवं? वास तिला बी येतोय की!"

धर्मराज आईला चमच्यानं भरवायचा, लघवीचं भांडं द्यायचा, तोंड पुसायचा. इतर म्हाताऱ्यांचंही तसंच. दमला की व्हरांड्यात बसून वाचायचा, पण ओळ पुढं सरकायची नाही. संध्याकाळी तानीबाई वखारीतून थेट शाळेत यायची. अंगाला तंबाखूचा वास, म्हणून दारातच उभी राहायची. आत आली तर सगळे शिंकतील, शिंकले तर डोळ्याला धक्का, हे तिचं तिनंच ठरवलं होतं. "आत्ती, मी हितंच हाय," ती दारातून सांगायची.

पट्टी उघडली त्या सकाळी नर्सबाईंनी दोन बोटं धरली. "आजी, किती?"

"दोन. एकात अंगठी हाय." मग शेवंताबाईनं बाजूला बघितलं आणि धर्मराजवर तिचा डोळा थांबला. "आरं, किती वाळलायस रं!"

धर्मराज पाणी आणतो म्हणून बाहेर गेला आणि हौदावर बराच वेळ तोंड धूत राहिला.

समारंभ शेवटच्या दिवशी होता. मैदानात मांडव घातला, लाऊडस्पीकर आणला, निपाणीहून फोटोवाला बोलावला. क्लबचे अध्यक्ष मोटारीनं आले. मोठे व्यापारी, पण साधा माणूस. उतरल्या उतरल्या त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला. त्यांच्या हातून काळे चष्मे वाटायचे होते. पेशंट बाकांवर ओळीनं बसवले. बाक कमी पडले, तेव्हा शेवटच्या चौघींना खाली सतरंजीवर बसवलं. त्या चौघी खालच्या आळीच्या होत्या. असं कुणी ठरवून केलं नव्हतं, तसंच होत आलं होतं. धर्मराजला ते दिसलं. बाक आणावा का, असं त्याच्या मनात आलं, तेवढ्यात हेरेकरांनी त्याचा हात धरला.

चष्म्यांची परात भावकूनं धरायची ठरली होती. हेरेकर म्हणाले, "नाही नाही. हा मान धर्मराजचा. सगळ्यांत जास्त राबलेत ते." भावकूनं परात पुढं केली. पितळी, घासून चकचकीत, त्यात तांबड्या कापडावर चष्मे मांडलेले. धर्मराजनं ती दोन्ही हातांनी धरली. ती चांगलीच जड होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याचे कान तापले, आणि आई बघत असेल म्हणून बरंही वाटलं.

अध्यक्ष एकेकाला चष्मा घालत पुढं सरकत होते. लाऊडस्पीकरवर हेडमास्तर नावं वाचत होते. गंगव्वानं बसल्या जागी हात जोडले. शेवटी अध्यक्ष सतरंजीशी आले. शेवंताबाईला त्यांनी स्वतः खाली झुकून चष्मा घातला आणि सरळ होत मोठ्यानं विचारलं, "आजी, दिसतंय का?"

"दिसतंय की, देवा."

"काय दिसतंय?"

"तुमचं पाय."

मांडव हसला. अध्यक्षही हसले. आणि शेवंताबाई वाकली. दोन्ही हात पुढं करून, कपाळ त्यांच्या बुटांना लागेपर्यंत.

"हां हां, आजी, तसंच!" फोटोवाला पुढं धावला. "तसंच ऱ्हावा. सायेब, हात वर धरा. वाईच थांबा, हलू नका."

व्हरांड्यातून नर्सबाई काहीतरी ओरडल्या. लाऊडस्पीकरवर हेडमास्तर आभार मानत होते. धर्मराज आईपासून दोन हातांवर उभा होता. आई म्हणायला त्यानं तोंड उघडलं. परात कुठं ठेवू, असं त्याला वाटलं. खाली ठेवावी तर तिथं आईचे हात, अध्यक्षांचे पाय. मागं ठेवावी तर मागं माणसं. टाकावी तर चष्मे फुटतील, एवढ्या लोकांत. तो हे ठरवीत होता तोवर फोटो निघाला.

शेवंताबाई सरळ झाली तेव्हा हसत होती. "धर्मा, लई भली माणसं रं," ती म्हणाली.

मोटार आणि जीप गेल्यावर दुखायला लागलं. आधी तिनं सांगितलंच नाही. सगळं आवरू दे, पोरं दमल्यात, असं म्हणून ती गप्प बसली. मग चष्म्याखालून पाणी गळायला लागलं. नर्सबाईंनी डोळा बघितला, पुन्हा बघितला, आणि कापूस शोधू लागल्या. कापूस त्यांच्या हातातच होता.

"बेळगावला न्या," त्या म्हणाल्या. "सकाळच्या पहिल्या गाडीनं."

गाडीत आईला बसायला जागा मिळाली, धर्मराजला नाही. प्रत्येक खड्ड्याला तो तिचं डोकं दोन्ही हातांत धरायचा. दवाखान्यातला कारकून कानडीत विचारत होता. धर्मराजची कानडी तोकडी पडली तेव्हा आईनंच डोळे मिटून उत्तरं दिली, नाव, गाव, वय. आतल्या तरुण डॉक्टरनं पट्टी काढली आणि विचारलं, "ही वाकली होती का?"

"व्हय."

"कोणी वाकू दिलं?"

डॉक्टर उत्तरासाठी थांबले नाहीत. आतलं बाहेर आलंय, आता शिवण्यासारखं राहिलं नाही, एवढं सांगून त्यांनी पुढचा पेशंट बोलावला.

आईला बाकावर निजवून तो कॅम्पात हेरेकरांच्या दुकानात गेला. त्यांना सांगावं, त्यांची ओळख असेल, मोठा डॉक्टर मिळेल. वाटेत त्यानं वाक्य पाठ केलं होतं. त्याला बघून हेरेकर गल्ल्यावरून उठलेच. "अरे, या या! हे बघा," ते गिऱ्हाईकांना म्हणाले, "हे आमचे धर्मराज. पंधरा दिवस रोजगार बुडवून राबला हा माणूस. अशी माणसं आहेत म्हणून आमचा क्लब आहे. काय, आई कशी आहे? खूश ना?"

सगळे त्याच्याकडं कौतुकानं बघत होते. एका बाईंनी तर हात जोडले.

"बरी हाय," धर्मराज म्हणाला.

चहा पिऊन तो परत आला. पाठ केलेलं वाक्य दवाखान्याच्या पायरीवर त्याला सगळंच्या सगळं आठवलं.

पुढं काही दिवस डोळ्यात औषध घालणं झालं. होळीपर्यंत उजेड-अंधार कळत होता, मग तोही कळेना. तानीबाई एकदाच बोलली. भाकरी थापता थापता, मान वर न करता. "टाकायची हुती परात. फुटलं असतं तर फुटलं असतं."

"तुला काय जातंय बोलाय," शेवंताबाई कोपऱ्यातून म्हणाली. "लोकाची वस्तू ती. आन मी वाकले, त्यो काय करंल?"

"तर काय," तानीबाई म्हणाली. "कुणीच काय करू नये."

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा तिनं ती उलटली.

आणि चैतात हेरेकरांचं पत्र आलं, फोटोसकट. फोटो चांगला आला होता. आईची वाकलेली पाठ, तिच्यावर अध्यक्षांचा हात, आणि मागं परात धरून तोंड उघडं टाकलेला धर्मराज. अनोळखी माणसाला वाटावं, हा आनंदानं हसतोय.

गंगव्वा काठी टेकत अधूनमधून यायची. तिला चांगलं दिसत होतं. अंगणात बसून ती शेवंताबाईला सांगायची, कोण रस्त्यानं चाललंय, कुणी कसलं लुगडं नेसलंय. शेवंताबाई ऐकून म्हणायची, "तिला त्यो रंग शोभत न्हाय," आणि दोघी हसायच्या.

दिवाळी झाली आणि हेरेकरांचं कार्ड आलं. मागचं पत्र बहुधा मिळालं नसावं, असं त्यांनीच समजून घेतलं होतं. यंदाचं शिबिर शेजारच्या गावी घेत आहोत. स्वयंसेवकांचे प्रमुख म्हणून आपण यावं. शेवटच्या दिवशी चष्मेवाटपाचा समारंभ गेल्या वर्षीसारखाच करू. कळवावं.

धर्मराजनं कार्ड आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आता तरी लिव. मी सांगते तसं लिव. म्हणावं, म्हातारी बरी हाय. तुमचं उपकार लई. डोळ्याचं लिवू नगंस."

"मग काय लिवू आई? मागच्या पत्रात त्यांनी डोळ्याचंच इच्यारलंय."

"त्यास्नी वाईट वाटंल रं. पुन्ना शिबिर घ्यायचं न्हाईत. त्या गावात किती म्हाताऱ्या असतील."

धर्मराज दौत घेऊन बसला. खरं लिहावं तर शिबिर बंद पडेल, न लिहावं तर कुणीतरी वाकेल. त्यानं एक कागद लिहून फाडला. त्यात फार शहाणपण आलं होतं. दुसरा फाडला, त्यात राग होता, आणि तो कुणावर हे त्याला वाचून कळेना. तिसऱ्या कागदावर त्यानं आधी आईचं लिहिलं, तिच्याच शब्दांत, उपकारांसकट. मग खाली लिहिलं :

'आपण विचारलंत म्हणून कळवतो. आईचा डोळा गेला. समारंभात ती पाया पडली तेव्हा गेला. मी जवळ उभा होतो. दुकानात आलो तेव्हा आपल्याला खोटं सांगितलं. आईची तक्रार नाही. माझी आहे की नाही, हे मला अजून ठरवता येत नाही. शिबिर जरूर घ्यावं. मी प्रमुख होणार नाही, पण भांडी द्यायला, उचलायला येईन. एकच विनंती आहे. चष्मे नर्सबाईंनी अंथरुणावर जाऊन घालावेत. आमची माणसं सांगून ऐकणार नाहीत, ती वाकणारच. म्हणून त्यांच्यापुढं कुणी उभं राहू नये.'

"वाच बघू," शेवंताबाई म्हणाली.

त्यानं वरचं तेवढं वाचलं.

"एवढंच? कागद तर लई येळ खरडत हुतास."

"बाकी पत्ता हाय."

तिनं हात पुढं करून कागद चाचपला, वरपासून खालपर्यंत, शाई ओली होती तिथं बोट थांबलं, आणि तिनं कागद परत दिला. "टाक जा," ती म्हणाली.

उजाडताना तानीबाई वखारीला निघाली होती. "द्या, निपाणीत टाकते," ती म्हणाली. नको म्हणून तो स्वतःच निघाला आणि चावडीच्या भिंतीवरच्या पेटीपाशी आला. पाकीट अर्धं आत गेलं, तरी त्यानं ते चिमटीत धरून ठेवलं होतं. मागून कुणीतरी सायकलवरून गेलं, "काय धर्मा, नोकरीचा अर्ज काय रं?" असं विचारत, आणि चिमूट सुटली.

आत पडल्याचा आवाज काही आला नाही. त्यानं पेटीच्या तोंडात बोटं घालून बघितली. पत्राला ती पोचत नव्हती.